माणूस आहे की खांब?

रात्री अकरा वाजता मरोळच्या रस्त्यावर कोण असतं? उत्तर सोपं आहे. सगळे! सीप्झची शिफ्ट सुटलेली असते, एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधली पोरं जेवायला निघालेली असतात, रात्रपाळीचे वॉचमन ड्युटीवर चाललेले असतात, हॉटेलातले वेटर आवराआवर करून खोलीकडे परतत असतात. मरोळ नाक्याला मेट्रोतून उतरलेली मंडळी रिक्षा मिळेना म्हणून चालत सुटलेली असतात. २०१४ मध्ये वरची मेट्रो आली, ऑक्टोबर २०२४ मध्ये खालची, भुयारी आली. नाक्यावर आता दोन-दोन मेट्रो. पण स्टेशनाच्या जिन्यावरून खाली उतरल्यावर पुढे पाय कुठे ठेवायचा हा प्रश्न दोन्ही मेट्रोंनी प्रवाशावर सोडला आहे. फुटपाथ सुरू होतो, पन्नास पावलांवर एक ट्रान्सफॉर्मर येतो, मग पानाची टपरी, मग उभ्या केलेल्या बाइक, मग उघडं गटार. माणूस निमूट खाली उतरतो आणि गाड्यांच्या बाजूने चालायला लागतो.

हा माणूस गाडीला दिसतो का? ड्रायव्हरला नव्हे, गाडीला. हल्लीच्या नव्या गाड्यांच्या जाहिरातीत ‘एडास’ नावाचं प्रकरण असतंच. काचेमागचा कॅमेरा रस्ता बघतो, माणूस आडवा आला की गाडी बोंबलते, आणि तरीही ड्रायव्हर ढिम्म राहिला तर स्वतःच ब्रेक मारते. जाहिरातीत हे सगळं लख्ख उन्हात, रिकाम्या रस्त्यावर, एका गोंडस मुलाच्या चेंडूमागे घडतं. साकीनाका ते मरोळ, रात्री, पावसात, समोरून टेम्पो हाय बीम मारतोय, अशी जाहिरात मी तरी अजून पाहिलेली नाही.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. ऑफिसात बँकांचे हिशेब जुळवणारा कोड लिहितो. त्यात माणसं दिसत नाहीत, खाते क्रमांक दिसतात. म्हणून शनिवार-रविवारी माणसं शोधायचा छंद लागला. आमच्या ऑफिसच्या कॅबला पुढच्या काचेवर डॅशकॅम आहे. कॅब चालवणाऱ्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. मामांच्या परवानगीने मी रात्रीच्या फेऱ्यांचं रेकॉर्डिंग घरी आणतो आणि फुकट मिळणारी, आधीच शिकवून तयार असलेली सॉफ्टवेअर त्यावर चालवून बघतो. बायकोच्या मते या वयात यापेक्षा वाईट छंदही लागू शकले असते, त्यामुळे चालू द्या.

आता यंत्र माणूस ओळखतं म्हणजे नक्की काय करतं ते थोडक्यात सांगतो. २००५ साली फ्रान्समधल्या इन्रिया या संस्थेत नवनीत दलाल आणि बिल ट्रिग्ज यांनी एक पद्धत मांडली. नाव लांबलचक आहे, लोक तिला ‘हॉग’ म्हणतात (डुकराशी संबंध नाही). कल्पना अशी, की रंग विसरा, चेहरा विसरा. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोनात उजेड-अंधाराच्या कडा कुठल्या दिशेला जातात तेवढं मोजा. मग माणूस म्हणजे काय? वर एक गोल, खाली दोन उतरते खांदे, त्याखाली दोन उभ्या रेघा. ६४ बाय १२८ पिक्सेलची खिडकी चित्रभर फिरवायची आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचं, इथे असं काही आहे का? पुढे न्यूरल नेटवर्क आली. ती कडा मोजायच्या का आणखी काय मोजायचं हे हजारो फोटो बघून स्वतःच ठरवतात आणि हॉगपेक्षा कितीतरी सरस आहेत. पण मूळ धंदा तोच. आधी पाहिलेल्या माणसांसारखं काही दिसतंय का?

आता थोडं गणित, शाळेतलंच. मामांच्या डॅशकॅममध्ये १.७ मीटर उंचीचा माणूस वीस मीटरवर असताना साधारण ८५ पिक्सेल उंच दिसतो. पस्तीस मीटरवर ४९ पिक्सेल. पस्तीस मीटरच का? कारण ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर कापते. ड्रायव्हरला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २१ मीटर तिथेच गेले. मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी १४. एकूण पस्तीस. ओल्या रस्त्यावर हाच आकडा पंचेचाळीसच्या पुढे जातो. म्हणजे यंत्राला उपयोगी पडायचं असेल तर ४९ पिक्सेलचा माणूस ओळखता आला पाहिजे, आणि त्या अंतरावर त्याचा पाय फक्त तीन-चार पिक्सेल रुंद असतो. चाक खड्ड्यात गेलं, कॅमेरा हलला, की ते तीन-चार पिक्सेल पुसले गेले. मरोळमध्ये खड्डा शोधावा लागत नाही.

हे झालं दिवसा. रात्री आणखी गंमत. कॅमेऱ्याला उजेड कमी पडला की त्याच्याकडे दोनच उपाय. एक, शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, म्हणजे हलणारी गोष्ट फरफटते. दुसरा, आलेला उजेड आतल्या आत वाढवायचा, म्हणजे चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे येतात. त्यात समोरच्या गाडीचा झोत थेट आला तर त्या झोताच्या आजूबाजूचं सगळं पांढरं होऊन जातं, आणि नेमका माणूस तिथेच, दुभाजकाच्या फटीत उभा असतो.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. रस्त्यावरचा माणूस रात्री दोन प्रकारे दिसतो. आपल्या हेडलाइटचा उजेड त्याच्यावर पडला तर तो मागच्या अंधारापेक्षा उजळ दिसतो. किंवा पलीकडचा रस्ता दिव्याने उजळलेला असेल तर त्यासमोर तो काळ्या सावलीसारखा दिसतो. आता मधली परिस्थिती कल्पा. त्याच्या अंगावर जेवढा उजेड पडतोय तेवढाच मागच्या रस्त्यावर आहे. अशा वेळी फरक उरत नाही आणि माणूस चक्क विरघळतो. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये मिलिटरी रोडवर एक बाई चालत येताना आधी काळी सावली म्हणून दिसते, मग काही क्षण अजिबात दिसत नाही, आणि मग एकदम उजळ होऊन समोर येते. जादूचे प्रयोग असतात तसं. त्या मधल्या काही क्षणांत यंत्राने तिला सोडून दिलं होतं. मी स्क्रीनला नाक लावून बघितलं, मलाही दिसली नाही.

बाकी यंत्राला काय काय दिसलं ते सांगतो. फ्लेक्सवरचे नेते दिसले! कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता, त्यावरचे हात जोडलेले झाडून सगळे कार्यकर्ते यंत्राने पादचारी म्हणून मोजले. दुकानाबाहेरचे साडी नेसवलेले पुतळे दिसले. बसस्टॉपचा खांब तर हमखास. आणि काय नाही दिसलं? हातगाडी ओढणारा, कमरेत वाकलेला हमाल. मासळी बाजाराकडे डोक्यावर टोपली घेऊन चाललेली कोळीण (वरचा गोल कुठे गेला हे यंत्राला कळेना). छत्रीखालचे दोघं. रस्त्याकडेला उकिडवा बसून फोनवर बोलणारा. थोडक्यात, ताठ उभा राहून नमस्कार करणारा पुढारी माणूस ठरला आणि ओझं वाहणारा ठरला नाही. यात मला उगाच रूपक शोधायचं नाहीये. यंत्राने पूर्वी पाहिलेल्या फोटोंमध्ये बहुतेक माणसं ताठ चालणारी, हात मोकळे असलेली होती, एवढाच त्याचा अर्थ.

फोटोंचं महत्त्व इथे येतं. या क्षेत्रात बरीच वर्षं मापदंड मानला गेलेला कॅलटेकचा संच २००९ चा, लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरचा. खास रात्रीचा ‘नाइटआउल्स’ हा संच २०१८ मध्ये आला, तो इंग्लंड, जर्मनी आणि नेदरलंड्समधला. आपल्याकडे हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१८ मध्ये हैदराबाद आणि बंगलोरच्या रस्त्यांचा ‘इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट’ काढला. दहा हजार चित्रं, त्यात ऑटोरिक्षाला स्वतंत्र नाव, जनावरांना स्वतंत्र नाव. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ‘हा रस्ता नाही, पण गाडी जाऊ शकते’ अशा जागेलाही त्यांनी वेगळं नाव दिलं. ज्याने हे ठरवलं तो नक्की आपल्या रस्त्यांवरून चाललेला असणार.

कुणी म्हणेल, उष्णता बघणारा कॅमेरा लावा की! ही कल्पनाही जुनी आहे. कॅडिलॅकने २००० च्या मॉडेलमध्ये असा कॅमेरा दिला होता, होंडाने २००४ मध्ये जपानात लेजंड गाडीत त्याच्या जोडीला माणूस ओळखून सूचना देण्याची सोयही केली. थंड देशात हे झकास चालतं. रस्ता गारठलेला आणि माणूस गरम, म्हणजे अंधारात दिवा लावल्यासारखा उठून दिसतो. मरोळमध्ये मे महिन्यात मात्र दिवसभर तापलेलं डांबर, भिंती आणि उभ्या गाड्या रात्रीसुद्धा उष्णता सोडत असतात. माणसाच्या कातडीचं तापमान तेहेतीस-चौतीस. मग पुन्हा तेच, फरक उरत नाही. इथला उकाडा माणसालाच नव्हे, कॅमेऱ्यालाही घाम फोडतो.

आता मामांकडे येऊ. त्यांच्या कॅबला कंपनीने मध्यंतरी एक सूचना देणारा डबाही बसवला होता. माणूस किंवा गाडी जवळ आली की टीं टीं करायचा. पंधरा दिवसांत मामांनी त्याच्या स्पीकरवर कापसाचा बोळा ठेवून वर चिकटपट्टी मारली. मी विचारलं तर म्हणाले, “अहो, तो नाक्यापासून डेपोपर्यंत ओरडतच असतो. खरंच कुणी आडवा आला तरी मला काय वेगळं कळणार?”

यात मामांची चूक नाही, हा निव्वळ हिशेब आहे. कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं घेतो, म्हणजे तासाला १,०८,००० चित्रं. दहा हजारांत एकदाच यंत्र फसलं, म्हणजे परीक्षेत ९९.९९ टक्के मिळाले, तरी तासाला दहा-अकरा खोट्या आरोळ्या. म्हणून प्रत्येक यंत्रात एक आकडा असतो. यंत्र म्हणतं, “हा माणूस असावा, खात्री साठ टक्के.” कितीच्या वर खात्री असेल तर ओरडायचं, हे त्या आकड्याने ठरतं. आकडा खाली आणला तर फ्लेक्सवरचे कार्यकर्तेही पादचारी होतात आणि ड्रायव्हर बोळा लावतो. वर नेला तर गाडी शांत होते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि ज्यांच्याबद्दल यंत्राची खात्री आधीच कमी होती ते सगळे गळतात. वाकलेला हमाल, टोपलीवाली, काळ्या कपड्यातला वॉचमन. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये माणूस ओळखणारी आठ सॉफ्टवेअर तपासली तेव्हा मोठ्यांच्या तुलनेत लहान मुलं ओळखण्यात ती सुमारे वीस टक्क्यांनी मागे पडली. कुणी मुद्दाम मुलांना वगळलं होतं असं नाही. नुसता आकडा आणि आधी पाहिलेले फोटो. पण तो आकडा कुठल्यातरी एसी ऑफिसात, माझ्यासारखाच कुणी कोड लिहिणारा, शुक्रवारी संध्याकाळी ठरवत असतो. रस्त्यावरच्या माणसाला कुणी विचारत नाही, कारण तो गिऱ्हाईक नसतो. गिऱ्हाईक गाडीच्या आत बसलेलं असतं.

मग मामा स्वतः कसं ओळखतात? हे मी एकदा पुढच्या सीटवर बसून विचारून घेतलं. म्हणाले, “माणूस कुठे दिसतो रात्री? समोरच्या गाडीचा दिवा लुकलुकला की समजायचं, मध्ये कुणाचे तरी पाय आले.” मग म्हणाले, “बस थांबलेली दिसली की तिच्या पुढून कुणीतरी निघणार. मेट्रोच्या जिन्यापाशी गर्दी दिसली की पाय ब्रेकवर. कुत्रं वळून बघायला लागलं तरी समजायचं.” घरी येऊन रेकॉर्डिंग बघितलं तर खरंच, दिव्यांची ती लुकलुक तिथे होती! यंत्र एकेक चित्र वेगळं बघत होतं, मामा रस्त्याचा सगळा मामला बघत होते. रात्री दिसणं हे अर्धं डोळ्याचं काम आणि अर्धं अपेक्षेचं. इथे माणूस असू शकतो असं आधीच वाटत असेल तर तो दिसतो.

आणि अपेक्षा नसेल तर काय होतं त्याचं उदाहरण मार्च २०१८ मध्ये जगाने पाहिलं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी गावी, रात्री, उबरच्या स्वतः चालणाऱ्या प्रयोगाच्या गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं. ती गेली. सरकारी चौकशीच्या अहवालात लिहिलंय की गाडीच्या रडारला ती ५.६ सेकंद आधी सापडली होती. पाच सेकंद म्हणजे भरपूर! पण यंत्र तिला कधी गाडी म्हणत होतं, कधी सायकल, कधी ‘इतर’. आणि दर वेळी नाव बदललं की आधी ती कुठे होती हे विसरून नव्याने सुरुवात करत होतं. मुळात क्रॉसिंग सोडून भलतीकडे कुणी रस्ता ओलांडेल ही शक्यताच त्या रचनेत धरलेली नव्हती. गाडीत देखरेखीला बसलेली व्यक्ती फोनमध्ये बघत होती ते वेगळंच. हा नियम मरोळला लावला तर काय होईल? आपण सगळेच ‘इतर’.

याचा अर्थ हे तंत्र कुचकामी आहे असा नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेने २०२२ मध्ये प्रत्यक्ष अपघातांचा अभ्यास केला. स्वयंचलित ब्रेकच्या गाड्यांनी पादचाऱ्यांना धडक देण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी कमी होतं. हे थोडंथोडकं नाही. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर जवळजवळ ३३ हजार पादचारी गेले, त्यातले काही हजार जरी वाचले तरी यंत्राचे पाय धरावेत. पण त्याच अभ्यासात पुढे आहे, की दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर फायदा दिसलाच नाही. म्हणजे यंत्राचा डोळा लावायचा तरी आधी खांबावरचा दिवा हवा!

नागपुरात २०२१ पासून एक प्रयोग झाला, ‘आय-रास्ते’ नावाचा. इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्र सरकारची रस्ते संशोधन संस्था आणि नागपूर महापालिका यांनी मिळून महापालिकेच्या बसमध्ये असे सूचना देणारे कॅमेरे बसवले. त्यातली भारी गोष्ट सूचना नाही, नकाशा आहे. कुठल्या वळणावर यंत्र वारंवार ओरडतंय याची नोंद ठेवली तर अजून अपघात झालेला नाही पण होऊ शकतो अशा जागा कळतात. माणसं मेल्यावर ठरतो तो ब्लॅक स्पॉट, त्याआधीचा हा ग्रे स्पॉट. हे वाचून मी माझा छंद थोडा वळवला. कुठे माणूस दिसला यापेक्षा, माणूस रस्त्याच्या आत कुठे दिसला, हे नकाशावर टिंब देऊन मांडलं. टिंबं विखुरलेली नव्हती. ती ठरावीक ठिकाणी दाटीने होती, आणि प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहिलं तर एकतर फुटपाथ संपत होता किंवा दिवा बंद होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पदपथावरून चालता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ती यादी मी फोटोंसकट संबंधित कार्यालयात दिली. पोच मिळाली आहे. पोचेवर शिक्का आहे. असो.

हे सगळं माझ्या डोक्यात इतकं का बसलं, तर आमच्या सोसायटीचे रात्रपाळीचे वॉचमन काका. साठीच्या आसपासचे. रोज रात्री मरोशीच्या बाजूने चालत येतात, सकाळी चालत जातात. युनिफॉर्म गडद निळा, म्हणजे रात्री काळाच. एका फेरीत त्यांना मी आमच्याच कॅबच्या रेकॉर्डिंगमध्ये पाहिलं, म्हणजे चालण्याच्या ढबीवरून ओळखलं. यंत्राने त्यांच्यावर एकाही चित्रात चौकट काढलेली नव्हती. त्यांच्या पाठीमागच्या खांबावर काढली होती.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विषय मांडला, की काकांना चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट घेऊ या. खर्च किरकोळ. पण मला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती सांगणं भाग होतं. त्याच आयआयएचएसने जानेवारी २०२५ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. काळ्या कपड्यातल्या पुतळ्याला रस्त्यावरचे कामगार घालतात तशा चमकत्या पट्ट्या लावून तीन गाड्यांसमोर आणलं, तर त्यातल्या दोन गाड्यांच्या यंत्रांना तो नीट ओळखताच आला नाही. माणसाच्या डोळ्याला जे लांबून दिसतं, त्यानेच यंत्र गोंधळतं! आता काय करायचं? मीटिंगमध्ये पाच मिनिटं शांतता. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “आपल्या रस्त्यावर गाड्या कोण चालवतं? माणसंच ना? मग माणसांना दिसेल ते घ्या.” ठराव मंजूर.

स्वतः काकांची तक्रार वेगळीच. म्हणाले, “साहेब, मी चमकायला लागलो तर चोराला पण दिसणार की.” मग तडजोड झाली. रस्त्यावर जॅकेट घालायचं, गेटच्या आत आलं की काढून खुंटीला लावायचं.

तुमच्यापैकी कुणी एडासवाली गाडी घ्यायच्या विचारात असाल तर जरूर घ्या, पण शोरूममध्ये तीन प्रश्न विचारा. रात्री चालतं का? किती वेगापर्यंत? आणि दिवे नसलेल्या रस्त्यावर तपासलंय का? सेल्समन बहुधा तुम्हाला सनरूफ दाखवायला लागेल. तरी विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की तो आकडा ठरवणाऱ्या ऑफिसापर्यंत प्रश्न पोचतो, हे मी त्या बाजूच्या खुर्चीत बसणारा म्हणून सांगतो.

काका सध्या जॅकेट घालून येतात. मामा म्हणतात, डेपोच्या वळणावरून दिसतात. माझं सॉफ्टवेअर परवाच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांना खांबच म्हणत होतं. काकांना विचारून त्यांचे जॅकेटमधले फोटो काढलेत, निरनिराळ्या अंतरावरून, पावसात आणि कोरड्यात. येत्या शनिवारी त्याला ते शिकवायला बसणार आहे.